तेरा नंबरची लाल टोपी

टीव्हीवर सामना चालू असताना जी माणसं बोलत असतात ती मैदानाच्या कडेला बसलेली असतात, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या आईलाही वाटायचं. मुलगी आज लंडनला गेली, उद्या टोकियोला जाईल, असं ती सांगलीत शेजारणींना सांगत असे. मी मात्र सिंगापुरात रोज सेरंगूनहून एमआरटीची लोकल पकडायचे, क्वीन्सटाउनला उतरायचे, जुन्या ब्लॉक्सच्या खालून चालत अलेक्झांड्रा रोडजवळच्या एका बिझनेस पार्कमध्ये जायचे आणि एका बिनखिडकीच्या खोलीत बसायचे. जगातले सगळे खेळ मी त्या खोलीतून पाहिले.

कामाचं नाव कॉमेंट्री प्रोड्युसर. युरोपातून किंवा आणखी कुठून सामन्याचं चित्र उपग्रहावरून आमच्याकडे यायचं. सोबत फक्त तिथला आवाज असायचा: प्रेक्षकांचा गलका, पंचाच्या शिट्ट्या, चेंडूचा ठोका. त्यावर बोलायची माणसं आम्ही सिंगापुरात बसवायचो. काचेपलीकडच्या छोट्या बूथमध्ये दोघं जण, एक मुख्य निवेदक आणि एक त्या खेळातला जाणकार. काचेच्या अलीकडे मी. माझ्यासमोर एक बटण, ते दाबून बोललं की फक्त त्या दोघांच्या कानात ऐकू जायचं. ‘नाव चुकलं’, ‘स्कोअर सांगा’, ‘जाहिरात येतेय, वाक्य आवरा’, असलं सगळं मी बोलत असे. त्यांच्याही समोर एकेक बटण असायचं, खोकल्याचं. खोकला आला, पाणी प्यायचं असलं, की ते दाबायचं. दाबून धरलेलं असेपर्यंत माइक बंद राहतो. प्रेक्षकांना वाटतं माणूस क्षणभर थांबला.

या बूथमध्ये मी तऱ्हेतऱ्हेची माणसं बसवली. वेटलिफ्टिंगचे एक गृहस्थ होते, स्वतः जुने लिफ्टर. समोरचा खेळाडू वजन उचलायला वाकला की हे श्वास रोखून धरायचे. तो वजन खाली टाकेपर्यंत यांचा शब्द नाही, आणि मग एकदम धापा. एक बॅडमिंटनच्या बाई होत्या, त्या चप्पल काढून मांडी घालून बसल्याशिवाय बोलू शकत नसत. पण मला या अंकासाठी कोणती गोष्ट लिहू असं विचारलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर आला तो ईवो, आणि वॉटर पोलोचे ते दोन दिवस.

सन दोन हजार दहानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यातली गोष्ट. आमची वरिष्ठ जेराल्डीन एका दुपारी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “शुभा, युरोपातल्या क्लबांची वॉटर पोलो स्पर्धा आपल्याला मिळालीय. फक्त शेवटचे दोन दिवस. शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल. तिथे दुपारी खेळतायत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ. बघ कोण बोलेल ते.”

“हा खेळ आपल्यापैकी कुणाला येतो?” मी विचारलं.

“म्हणूनच तुझ्याकडे आले.”

मुख्य निवेदक ठरलेला होता, डेस्मंड. सिंगापूरचाच, फुटबॉलसाठी प्रसिद्ध, आवाज असा की टॅक्सीवाले ओळखायचे. प्रश्न जाणकाराचा होता. मी पोहण्याचे क्लब, शाळांचे प्रशिक्षक, सगळीकडे फोन केले. चांगली माणसं होती, पण कुणी परीक्षेत, कुणी दौऱ्यावर. शेवटी एक प्रशिक्षक म्हणाले, “मरीन परेडला एक जण राहतो. जहाजांची तपासणी करतो. कधी कधी आमच्या सरावाला येऊन कट्ट्यावर बसतो. खेळलेला आहे म्हणे. बोलत मात्र नाही जास्त.”

जाणकार बोलत नाही ही काही चांगली खूण नव्हती. तरी मी त्याला भेटायला गेले.

ईवो पन्नाशीच्या पुढचा, उंच, खांदे अजून रुंद. ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या एका लहान गावातला. तिथल्या क्लबात तो गोलकीपर होता. मी उत्साहानं विचारलं, “किती वर्षं खेळलात?”

“खेळलो नाही फारसा,” तो सावकाश म्हणाला. “राखीव होतो. बसून पाहिलं जास्त.”

मला त्याचं हे उत्तर आवडलं. पुष्कळ जाणकार आपली आठवण सांगतात, समोरचा सामना बघत नाहीत. हा माणूस आयुष्यभर बघत बसलेला होता. मी म्हटलं, चालेल. आणि मग त्याला प्रश्न विचारायला लागले. चेंडू एका हातानंच का? पंच सारखी शिट्टी का वाजवतात? इतके फाउल झाले तर खेळ पुढे कसा जातो?

तो दोन-चार प्रश्नांना थोडक्यात उत्तरं देत राहिला. मग म्हणाला, “पोहता येतं तुम्हाला?”

“येतं. नदीत शिकले. पाठीला डबा बांधून.”

“मग सांगून उपयोग नाही. पाण्यात या.”

घरी हे सांगितलं तर माझी मुलगी गौरी मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाली, “मा, यू सिरियस आह? डोन्ट ड्राउन लाह.” मी कपाटातून पोहायचा जुना पोशाख शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेले.

आधी ईवोनं मला खोल भागात नेलं. तळाला पाय लागत नाहीत तिथे. “आता दोन्ही हात पाण्याबाहेर काढा आणि तिथेच राहा,” तो म्हणाला. हात बाहेर काढल्याबरोबर मी खाली गेले. नाकात पाणी गेलं. पुन्हा वर आले, पुन्हा खाली. तो माझ्यासमोर छातीपर्यंत पाण्याबाहेर उभा होता, जणू खाली जमीनच आहे. मी विचारलं हे कसं. त्यानं सांगितलं की पाय एकाआड एक गोल फिरवायचे, उजवा एका दिशेनं, डावा उलट. मला ताक घुसळायची रवी आठवली, फक्त इथे दोन रव्या, उलटसुलट फिरणाऱ्या. मी तसं करून बघितलं. हनुवटी वर राहिली. हात काही वर निघाले नाहीत. पण त्या खेळाडूंना सामनाभर तळाला पाय टेकवायची परवानगी नसते हे कळल्यावर माझं पहिलं कुतूहल आदरात बदललं.

मग त्यानं मला गॉगल दिला. शेजारी मुलांचा सराव चालला होता. गोलसमोर दोघं जण एकमेकांना खेटून होते, वरून बघितलं तर बसची वाट बघत असल्यासारखे शांत. “आता खाली बघा,” ईवो म्हणाला. मी पाण्याखाली डोकं घातलं. खाली गुडघे चालले होते, पोशाख पकडले जात होते, एकानं दुसऱ्याची मांडी पायात अडकवून ठेवली होती. वर सभ्य शेजार आणि खाली पक्की भाऊबंदकी. मी वर येऊन श्वास घेतला आणि विचारलं, “हे पंचाला दिसत नाही?”

“अर्धं दिसतं. उरलेलं तो खांद्यांवरून ओळखतो,” ईवो म्हणाला. “मीही तसंच ओळखायला शिकलो. बाकावरून.”

त्या सकाळी त्यानं मला जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही. प्रत्येक बाजूचे सात जण पाण्यात. एकाच्या पांढऱ्या टोप्या, दुसऱ्याच्या गडद निळ्या. गोलकीपर दोन्हीकडचे लाल टोपीत. नेहमीच्याची टोपी एक नंबरची, राखीवाची तेरा नंबरची. सामना चार भागांचा. चेंडू हातात आला की तीस सेकंदांत गोलवर मारायचा. मोठा फाउल झाला तर खेळाडूला वीस सेकंद कोपऱ्यात जाऊन थांबावं लागतं, आणि तेवढ्यात गोलकीपर सोडून समोरचे सहा आणि आपले पाच. बहुतेक गोल त्या वीस सेकंदांत होतात. हे एवढं कळलं की खेळ उलगडतो. मी घरी येऊन केस वाळवता वाळवता खेळाडूंची नावं देवनागरीत लिहून काढली. त्या भागातली नावं इंग्रजीत वाचली की हमखास चुकतात. देवनागरीत नावाच्या शेवटी ‘विच’ लिहिलं की ते विच, त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. आमच्या खात्यात उच्चारांबद्दल माझं नाव होतं त्याचं रहस्य एवढंच, बाराखडी.

शनिवारची संध्याकाळ आली. दोघं बूथमध्ये बसले. आणि ती संध्याकाळ फसली.

डेस्मंड उत्तम निवेदक, पण तो पाण्यात फुटबॉल शोधत होता. चेंडू गोलकडे गेला की आवाज चढवायचा, आणि या खेळात चेंडू सारखाच गोलकडे जातो. अर्ध्या तासात तो घोगरा झाला. ईवो शेजारी ताठ बसून पडद्याकडे बघत होता. डेस्मंड म्हणायचा, “काय सुंदर हल्ला, नाही ईवो?” ईवो म्हणायचा, “हो.” मी त्याच्या कानात सांगत होते, “ईवो, बोला. पाण्याखाली काय चाललंय ते सांगा.” तो मान हलवायचा, तोंड उघडायचा, तेवढ्यात डेस्मंड पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा. दुसऱ्या सेमीफायनलमध्ये तर एक वेळ अशी आली की निळ्या टोपीवाल्या क्लबचा खेळाडू फाउलसाठी बाहेर जाताना ईवोनं हळूच “चुकीचं” असं म्हटलं, आणि डेस्मंडनं त्याच वेळी फुटबॉलमधल्या एका आठवणीला सुरुवात केली.

सामना संपल्यावर जेराल्डीनचा फोन आला. ती घरून बघत होती.

“शुभा, हे ऐकवत नाही. या वेळी तिथून तयार इंग्रजी कॉमेंट्रीही आपल्याला येतेय, माहितीय ना?”

“माहितीय.”

“उद्या मी ऑफिसला येते. पहिल्या भागापर्यंत बघते. असंच असलं तर आपण त्यांचा आवाज लावू.” मग ती म्हणाली, “आणि एकदा तो लावला की वरचे लोक विचारणार, मग इथे बूथ तरी कशाला हवा. मी त्यांना काय सांगू ते तूच मला सांग.”

मी फोन ठेवला. बूथ म्हणजे माझं काम, डेस्मंडचं काम, आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या सेल्वमचं काम. पण त्या क्षणी मला नोकरीपेक्षा दुसरंच छळत होतं. ज्या माणसानं मला एका सकाळी तो अख्खा खेळ पाण्यात उलगडून दाखवला तो माइकसमोर मुका का झाला?

रविवारी दुपारी मी ईवोला लवकर बोलावलं आणि सरळ विचारलं.

“मला कोणी काही विचारत नाही,” तो म्हणाला. “तो मला त्याचं मत सांगतो आणि विचारतो, खरं ना. मी खरं म्हणतो. आणखी काय म्हणू?”

“तुम्ही मध्ये का बोलत नाही?”

त्यानं खांदे उडवले. “बाकावरचा माणूस मध्ये बोलत नाही.”

मी डेस्मंडला कॉरिडॉरमध्ये गाठलं. हे सांगणं सोपं नव्हतं. तो माझ्यापेक्षा मोठा, आणि या धंद्यात त्याचं नाव होतं. मी म्हटलं, “डेस्मंड, आज तू काही माहीत असल्यासारखं बोलू नकोस.”

“म्हणजे?”

“तुला हा खेळ कळत नाही. मलाही गेल्या आठवड्यापर्यंत कळत नव्हता. बघणाऱ्यांपैकीही बहुतेकांना कळत नाही. तर तू फक्त विचार. जे कळलं नाही ते ईवोला विचार.”

“माझ्या श्रोत्यांसमोर मी अडाणी दिसू?”

“काल आपण सगळेच दिसलो.”

तो चिडलाय की काय ते कळेना. मग म्हणाला, “तू त्याच्याबरोबर पाण्यात उतरलीस म्हणे. खरं?”

“खरं. बुडता बुडता वाचले.”

“ओके लाह,” तो म्हणाला. “एक भाग. जमलं नाही तर मी माझ्या पद्धतीनं.”

फायनलमध्ये एका बाजूला पांढऱ्या टोप्या, म्हणजे ईवोचा जुना क्लब. दुसऱ्या बाजूला निळ्या, डॅन्यूब नदीकाठच्या एका मोठ्या शहराचा क्लब. ईवोला आपला क्लब खेळतोय याचं ओझं वाटेल अशी मला भीती होती. जेराल्डीन येऊन माझ्यामागे सोफ्यावर बसली, कॉफी हातात घेऊन.

सामना सुरू झाला. मिनिटभरात शिट्टी वाजली आणि डेस्मंड म्हणाला, “ईवो, एक साधा प्रश्न. आत्ता पंचानं शिट्टी वाजवली, आणि कुणीच थांबलं नाही. का?”

ईवोनं सांगितलं, साधा फाउल म्हणजे इथे श्वास घेण्यासारखा असतो, चेंडू ज्याच्याकडे आहे त्यानं लगेच पुढे खेळायचं. सावकाश, नेमकं. डेस्मंडनं दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. ‘हे दोघं गोलसमोर नुसते तरंगतायत का?’ यावर ईवो म्हणाला, “तरंगत नाहीयेत. पांढऱ्याचा डावा खांदा बघा. खाली झुकलाय. त्याचा पाय अडकवून ठेवलाय. आता तो सोडवून घेईल, आणि मग निळा त्याला मागून धरेल, आणि पंच निळ्याला बाहेर काढेल.” आणि झालंही तसंच, एकामागून एक. डेस्मंड हसला. खरं हसू होतं ते, निवेदकाचं नव्हे. “तुम्हाला हे आधी कसं कळलं?” त्यानं विचारलं, आणि तोही प्रश्न खरा होता.

पहिला भाग संपला. मी मागे वळले. जेराल्डीननं कॉफी खाली ठेवली होती.

“मघाशी तो म्हणाला ती दोन मीटरची रेषा,” ती म्हणाली, “ती कशासाठी असते?”

“तिच्या आत चेंडूशिवाय जाऊन गोलजवळ तळ ठोकता येत नाही.”

“हां,” ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. दुसरा आवाज लावायचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही.

तिसऱ्या भागात बरोबरी होती. पांढऱ्यांच्या एका उंच खेळाडूनं जवळून चेंडू मारला, निळ्यांच्या गोलकीपरनं अडवला, आणि तो एकदम हात छातीशी धरून गोलच्या खांबाला टेकला. पडद्यावर जवळून दाखवलं तेव्हा त्याची दोन बोटं नको त्या दिशेला वळलेली दिसली. त्याला बाहेर काढलं. निळ्यांच्या बाकावर एक मुलगा झगा काढत होता. लाल टोपी, तेरा नंबर. वयानं बहुधा कॉलेजातला. त्यानं टोपीच्या दोऱ्या हनुवटीखाली बांधल्या, एकदा सुटल्या, पुन्हा बांधल्या, आणि उडी मारली.

डेस्मंडनं विचारलं, “ईवो, याच्या मनात आता काय चाललं असेल?”

ईवो लगेच बोलू लागला. त्याला कुणी ढकलायची गरज पडली नाही. “त्याचं अंग गार पडलंय. सामन्याआधी सराव केला, मग इतका वेळ ओल्या झग्यात बसला. पाय जड होतात. पण त्याचं डोकं गार नाही. तो बाकावर बसून सुरुवातीपासून प्रत्येक चेंडू अडवतोय. समोर कोण डावखुरा आहे, कोण चेंडू टाकायच्या आधी खाली बघतो, त्याला सगळं माहीत आहे. फक्त हातांना अजून माहीत नाही. पहिला चेंडू येऊ दे. पहिल्या चेंडूनंतर कळेल.”

पहिला चेंडू आला आणि त्याच्या हाताखालून गोलमध्ये गेला.

“ठीक आहे,” ईवो म्हणाला. “आता हातांनाही कळलं.”

पुढचा त्यानं अडवला. त्याच्या पुढचाही. डेस्मंडनं मग तो प्रश्न विचारला. मी त्याच्या कानात काही सांगितलं नव्हतं. “ईवो, तुम्हीही तेरा नंबरचे होतात. तुम्ही असे फायनलमध्ये आत गेला होतात कधी?”

बूथमधून आवाज आला नाही. मला काचेतून दिसलं, ईवोचं बोट खोकल्याच्या बटणावर होतं. तो खोकत नव्हता. नुसता बटण दाबून बसला होता. सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हातानं थांब म्हटलं. पडद्यावर पाण्याचा आवाज आणि लोकांचा गलका चालू होता.

ईवोनं बोट उचललं. “नाही. एकदा कोचनं माझ्याकडे बघितलं. मी झगा काढला, टोपी बांधली. मग त्यानं विचार बदलला.”

“मग?”

“मग मी झगा परत घातला. थंडी होती.”

डेस्मंडनं यावर एकही विशेषण लावलं नाही. एवढ्या वर्षांत मी त्याचं ऐकलेलं सगळ्यात चांगलं काम ते. त्यानं फक्त स्कोअर सांगितला.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी आल्या. पाच मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर. ईवो समजावत होता: गोलकीपरला खाली जमीन नाही, रेटा देऊन उडी घेता येत नाही. शिट्टी ऐकून उठला तर उशीर होतो, शिट्टीच्या आधी उठला तर चेंडू येईपर्यंत तो खाली जायला लागलेला असतो. त्याला शिट्टीच्या क्षणी वर असावं लागतं. पंच कधी वाजवणार हे त्याला माहीत नसतं.

आता ईवोची पंचाईत मला दिसत होती. चेंडू मारणारे त्याच्या गावचे. अडवणारा परक्या शहरातला मुलगा. पांढऱ्यांच्या तिसऱ्या खेळाडूनं वरच्या कोपऱ्यात मारलेला चेंडू त्या मुलानं बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, आणि ईवोच्या तोंडून निघून गेलं, “शाबास.” त्याच्या भाषेत. कुणाला कळलं नसेल, पण सूर कळला. लगेच त्यानं डेस्मंडकडे बघितलं, चोरी पकडल्यासारखं. डेस्मंड म्हणाला, “मीही तेच म्हणणार होतो.”

पण निळ्यांचाही एक चेंडू खांबाला लागून परत आला. पाच-पाच झाल्या तरी बरोबरी. मग एकेक. जेराल्डीन सोफ्यावरून उठून माझ्या खुर्चीमागे उभी होती. शेवटी निळ्यांच्या एकाचा चेंडू पांढऱ्यांच्या गोलकीपरनं छातीवर घेतला, आणि पांढऱ्यांचा जो पुढे आला त्यानं चेंडू पाण्यावर आपटवून मारला. मुलगा वर उठलेला होता, हात बरोबर दिशेला होता, पण चेंडू टप्पा घेऊन त्याच्या काखेखालून गेला.

पांढरे एकदम पाण्यात पडले, कपड्यांसकट कोच पडला. गावाकडच्या प्रेक्षकांनी भोंगे वाजवले. कॅमेरा तिकडे होता. ईवो म्हणाला, “माझा क्लब जिंकला.” मग म्हणाला, “मला तो मुलगा दिसत नाही. तो कुठे आहे?”

आमच्या हातात कॅमेरा नव्हता. तिकडचा दिग्दर्शक जे दाखवील ते आम्ही बघायचं. जल्लोष बराच वेळ चालला. मग एका कोपऱ्यात क्षणभर तो दिसला, गोलच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून, टोपी अजून डोक्यावर. तुटलेल्या बोटांचा त्यांचा पहिला गोलकीपर हाताला पट्टी बांधून काठावर उकिडवा बसला होता आणि चांगल्या हातानं त्याची टोपी सोडवत होता.

“हां,” ईवो म्हणाला. “दिसला.” आणि आम्ही तिथे आवाज उतरवला.

आमचा विभाग त्या वर्षी वाचला. पुढे दोन-तीन वर्षांनी तो बंद झालाच. सगळा आवाज तिकडूनच तयार यायला लागला, आणि बूथची खोली स्टोअररूम झाली. त्याची मला हळहळ आहे, नाही म्हणत नाही. वॉटर पोलो तर पुन्हा कधी आमच्याकडे आलंही नाही. पण त्या रविवारी ते काही माहीत नव्हतं. जेराल्डीननं बूथचं दार उघडून ईवोशी हात मिळवला आणि त्याला पाण्याखालच्या पकडीबद्दल दोन प्रश्न विचारले. मग ती घरी गेली आणि डेस्मंड, ईवो आणि मी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, जेवायला गेलो.

कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आली होती; नूडल्स यायच्या आधीच ईवोचा फोन वाजला. गावाहून त्याचा भाऊ होता. फोनमधून भोंग्यांचे आवाज आम्हाला टेबलापलीकडे ऐकू येत होते. आणि ईवो बोलायला लागला. आठवडाभर मी ज्याच्याकडून एकेक वाक्य ओढून काढलं होतं तो माणूस धो धो बोलत होता. फोन खांद्यात धरून त्यानं दोन्ही हात मोकळे केले. मला त्याच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण बोटांची टोकं वर गेली तेव्हा ती तिसरी पेनल्टी हे मला कळलं. हात काखेशी आला तेव्हा शेवटचा चेंडू. मग त्यानं हनुवटीखाली दोन्ही हातांनी एक गाठ बांधून दाखवली, सोडली, पुन्हा बांधून दाखवली; फोनवरच्या माणसाला ती दिसणार नव्हती.

डेस्मंड चॉपस्टिक्स हातात धरून हे बघत होता. “हे काल का नाही बोलला हा?” तो मला म्हणाला.

ईवो मध्येच थांबला. फोन छातीशी धरून आमच्याकडे वळला.

“माझा भाऊ विचारतोय, तुला बरं आहे ना?” तो म्हणाला. “म्हणतो, कप आपण जिंकलाय, सगळं गाव रस्त्यावर आहे, आणि तू केव्हापासून त्यांच्या गोलकीपरबद्दल काय सांगत बसलायस?”

“मग काय सांगितलंत?” डेस्मंडनं विचारलं.

“म्हटलं, थांब, अजून संपलं नाही,” ईवो म्हणाला, आणि फोन परत कानाला लावला.

मी आणखी तीन कोपी सांगायला उठले.